आठ ग्लासांची वही

कुणी समोर पाण्याचा ग्लास ठेवला की ती केस मला अजूनही आठवते. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, पेपरात चार ओळीही आल्या नाहीत. चौतीस वर्षांच्या नोकरीत याहून मोठ्या केसेस हाताळल्या, काहींसाठी वरिष्ठांनी पाठही थोपटली. पण आता निवृत्तीनंतर सकाळी फिरायला निघालो की डोक्यात घोळते ती हीच. नावं कुणाचीच सांगणार नाही. माणसं इथलीच, मीरा-भाईंदरमधली आहेत आणि भाजी घेताना मला भेटतात.

निवृत्तीला दोनेक वर्षं उरली होती. मी भाईंदर पूर्वेच्या बाजूला गुन्हे निरीक्षक होतो. मे महिना होता. सकाळची हजेरी झाली, बीटवाले बीटवर गेले, आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा फोन वाजला. जेसल पार्कच्या एका सोसायटीतून कुणी बाई बोलत होती. नाव सांगायला तयार नव्हती. अंमलदाराने फोन माझ्याकडे दिला.

"साब, हमारे माले पे एक बुढिया है, चलना नहीं होता उनसे. उनके लिए जो बाई रखी है ना, वो रोज दोपहर को ग्लास भर के कुछ लाती है, इधर-उधर देखती है और पॅसेज के कुंडे में डाल देती है. कल से बुढिया होश में नहीं है. आप देख लो."

एवढं बोलून फोन ठेवला. नाव न सांगणारा माणूस खोटंच बोलतो असं नाही, पण तो नेहमी अर्धं बोलतो. उरलेलं अर्धं आपण शोधायचं, त्याचाच तर पगार.

तासाभरात उरलेलं अर्धं स्वतःच्या पायांनी चालत आलं. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. पन्नाशीचा एक गृहस्थ हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन समोर बसला. म्हातारीचा मुलगा. एका खाजगी कंपनीत स्टोअर सांभाळायचा. आयुष्यभर आलेला-गेलेला माल नोंदवलेला माणूस; बोलतानाही मुद्द्यांना नंबर घालत होता. आई मूळची इथल्याच मुर्धा गावची. वडील मिठागरावर कामाला होते आणि आईने भाईंदरच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकली. गेल्या वर्षी ती घरात पडली, मांडीचं हाड मोडलं, तेव्हापासून मुलाने तिला जेसल पार्कच्या फ्लॅटमध्ये आणून ठेवलं होतं. नवरा-बायको दोघंही नोकरीला, म्हणून दिवसभरासाठी एक बाई ठेवलेली.

"साहेब, त्या बाईने आईला काहीतरी घातलंय," तो म्हणाला आणि फाइल उघडली. "हा फेब्रुवारीचा रिपोर्ट. अठरा. आणि हा कालचा, हॉस्पिटलातला. शहाण्णव! तीन महिन्यांत पाचपट. डोळ्यांसमोर आईची किडनी गेली, आणि ही बाई रोज काय ओततेय ते अख्खा मजला बघतोय."

मी कागद घेतला. शहाण्णवचा आकडा ठळक छापलेला होता, शेजारी लाल खूण. वर 'युरिया' लिहिलं होतं. वैद्यकीय रिपोर्ट कसा वाचतात हे मला तेव्हा काडीचंही कळत नव्हतं. पण ठळक आकडा आणि लाल खूण कुणाला कळत नाही? मी मान हलवली. आज वाटतं, त्या क्षणी मी मान हलवायला नको होती.

त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती, एक वही. बाईसाठी त्याने ती दोरीने स्वयंपाकघरात टांगली होती. तारीख, गोळ्या, जेवण, आणि पाणी किती ग्लास. पाण्याच्या रकान्यात रोज आठ. एकही दिवस सात नाही, एकही दिवस नऊ नाही.

आता हा माझा प्रांत होता. बीटवर न जाता चहाच्या टपरीवर बसून आठवड्याच्या सह्या एका दमात ठोकणारे शिपाई मी कमी पाहिलेले नाहीत. शाई तीच, अक्षराचा कल तोच, पेन एकदाही अडलेलं नाही, की समजावं नोंद एका बैठकीतली. ती वही तशीच होती. वही खोटी होती यात मला तीळमात्र शंका उरली नाही, आणि शंका उरली नाही की पोलिसाचा पाय घसरतो.

आम्ही सोसायटीत गेलो. तिसऱ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये पाच कुंड्या. मी दोन पंच बोलावले आणि कुंडीतल्या मातीचा पंचनामा सुरू केला. त्यातला एक पंच खालचा इस्त्रीवाला होता.

"मिट्टी का पंचनामा, साब?" त्याने दोनदा विचारलं.

"हो, मातीचाच," मी म्हणालो. माती पिशवीत भरली, लाखेने सील केली. एवढ्या गडबडीत एक गोष्ट मात्र डोळ्यांना दिसूनही डोक्यात शिरली नाही. भर मे महिना, वरच्या-खालच्या मजल्यांवरच्या कुंड्या करपलेल्या, आणि या पाच कुंड्यांत मोगरा आणि तुळस नुसती माजली होती. तिथे विष ओतलं जात असतं तर मोगरा असा फुलला असता का? घरात झाडं लावणाऱ्या कुठल्याही बाईने हे एका नजरेत सांगितलं असतं. मी लाख वितळवत बसलो होतो.

सांभाळणाऱ्या बाईला ठाण्यात आणलं. मराठवाड्यातून येऊन वीस वर्षं भाईंदर पश्चिमेला राहिलेली, पंचेचाळीसच्या आसपासची, बांधा बारीक, बोलणं कमी. पंधरा वर्षं म्हातारी-कोतारी सांभाळायचं काम. पुढे मी तिला ताई म्हणू लागलो, म्हणून इथेही ताईच म्हणतो. बाईमाणसाची चौकशी तिच्या राहत्या घरी करायची, असा नियम आहे. तो मला पाठ होता. पण नियम पाठ असणं वेगळं आणि पाळणं वेगळं. 'स्वखुशीने आली' असं लिहून घेतलं आणि अकरा वाजता तिला माझ्यासमोर बसवलं. शेजारी महिला शिपाई उभी केली.

माझी एक पद्धत होती. चौकशी सुरू करण्याआधी समोर पाण्याचा ग्लास ठेवायचा. पापी माणूस एकतर घटाघटा पितो, नाहीतर शिवतही नाही. निर्दोष माणूस दोन घोट घेतो आणि ग्लास खाली ठेवतो. हे मी नव्या पोरांना शिकवत असे, आणि तीही माना डोलावत.

ताईंनी ग्लासाकडे पाहिलं आणि शिवल्या नाहीत.

"रोज कुंडीत काय ओतत होता?"

"पाणी."

"पाणीच? मग लपून कशाला?"

त्यांची नजर टेबलावरच्या वहीकडे गेली.

"वहीत आठ ग्लास लिहिलेत ते खरे?"

त्या म्हणाल्या, "साहेब, मी पाणी रोज दिलं. हातात ग्लास दिला. पुढचं मला नका विचारू."

"का नको विचारू? म्हातारी मरायला टेकलीय. तुमच्यावर विष दिल्याचा आरोप येतोय, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग बोला."

"शब्द दिलाय," त्या म्हणाल्या आणि मान खाली घातली.

मी आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला. जेवणाच्या वेळी वडापाव मागवला. त्यांनी अर्धा खाल्ला, पाणी नाही. चहा परत पाठवला. दुपारी अडीचला, त्यांना कामावर पाठवणाऱ्या ब्यूरोच्या मॅडमचा फोन आला. फोन मोठ्या आवाजात होता, मला सगळं ऐकू आलं. 'उद्यापासून कुठे जाऊ नका, तुमचं नाव यादीतून काढलंय.' अशा बाईला म्हाताऱ्या माणसाजवळ एकटं सोडायचं म्हणजे नुसत्या नावावर सोडायचं असतं. एकदा का 'म्हातारीला काहीतरी घातलं' असं नाव झालं, की जेसल पार्कपासून घोडबंदरपर्यंत एकही दार उघडणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं आणि मलाही कळत होतं. तरी त्या बोलल्या नाहीत. पाच वाजेपर्यंत ग्लास होता तसाच होता. मी रफ वहीत लिहिलं, 'संशयित पाणी घेत नाही.' आणि खाली रेघ मारली.

सूर्य मावळायच्या आत बाईला सोडावंच लागतं. सोडलं, आणि उद्या पुन्हा यायला सांगितलं. मग फाइल घेऊन हॉस्पिटलात गेलो. गुन्हा नोंदवायच्या आधी डॉक्टरचं मत कागदावर हवं होतं. मनात केस तयार होती, फक्त शिक्का मारायचा बाकी होता.

ड्यूटीवरची डॉक्टर तरुण मुलगी होती. मी दोन्ही रिपोर्ट तिच्यापुढे ठेवले. "अठराचे शहाण्णव. किडनी कशाने गेली असेल?"

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले आणि हसली. मला राग आला.

"साहेब, हे दोन वेगळे आकडे आहेत. फेब्रुवारीच्या रिपोर्टवर काय लिहिलंय वाचा. ब्लड युरिया नायट्रोजन, म्हणजे बीयूएन. आमच्या लॅबने युरिया लिहिलंय. बीयूएन म्हणजे त्या युरियातल्या फक्त नायट्रोजनचं माप. नारळाचं वजन सोलून केलं आणि न सोलता केलं, असा फरक. युरियाला दोन पूर्णांक चौदा शतांशांनी भागा."

मी मोबाइलवर भागाकार केला. पंचेचाळीसच्या जवळ आलं.

"म्हणजे अठराचे पंचेचाळीस," ती म्हणाली. "पाचपट नाही, अडीचपट. वाढलंय हे खरंच, आणि जपायलाच हवं. पण आता मला सांगा, तुम्ही एकाच साक्षीदारावर केस उभी करता का?"

"नाही."

"मग युरियाच्या एकट्याच्या जबानीवर कशी उभी केलीत? त्याच्याच खालची ओळ वाचा ना."

खालची ओळ होती क्रिएटिनिन. फेब्रुवारीत एक, आता एक पूर्णांक तीन दशांश. ठळक नव्हतं, लाल खूणही नव्हती, म्हणून ना मुलाने वाचलं होतं ना मी.

मग तिने मला उभ्या उभ्या समजावलं. ते मी त्याच रफ वहीत लिहून घेतलं आणि ती वही अजून माझ्याकडे आहे. आपण खातो त्यातल्या प्रथिनांचा जो कचरा उरतो, त्याचं यकृतात युरिया बनतं. ते रक्तातून मूत्रपिंडाकडे येतं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा, तोही त्याच वाटेने जातो. मूत्रपिंडच बिघडलं तर दोघंही अडकतात आणि दोघांचेही आकडे वाढतात. पण शरीरात पाणीच कमी पडलं तर मूत्रपिंड जीव वाचवायला पाणी परत खेचून घेतं, आणि त्या पाण्याबरोबर युरियाही रक्तात परत येतं. क्रिएटिनिन तसं परत येत नाही. म्हणून बीयूएनला क्रिएटिनिनने भागून बघायचं. एरवी उत्तर दहा ते वीसच्या आसपास येतं. या म्हातारीचं चौतीसच्या वर गेलं होतं.

"युरिया एकटाच पुढे पळाला की आम्ही आधी तीन गोष्टी बघतो," ती म्हणाली. "पोटात कुठे रक्तस्राव आहे का, तो नाही, मी तपासलंय. एखादं औषध किंवा प्रथिनांचा मारा, तोही नाही. आणि तिसरी गोष्ट, पाणी. यांची लघवी चहासारखी होती आणि सोडियम वाढलेलं. कुठल्याच विषाचं नाव मी पुसून टाकत नाही. पण मूत्रपिंड मारणारं विष असतं, तर क्रिएटिनिन असं गप्प बसलं नसतं. आजी सुकल्यात, साहेब. सलाइन चालू आहे. उद्यापर्यंत बोलतील."

"सुकल्या कशा? वहीत रोज आठ ग्लास पाणी आहे."

"ते तुम्ही शोधा," ती म्हणाली. "ते माझ्या रिपोर्टमध्ये येत नाही."

बाहेर येऊन मी गाडीत बसलो आणि मला माझीच लाज वाटली. ठळक अक्षरं बघून संशयित ठरवला होता. गर्दीतला जो माणूस सगळ्यात मोठ्याने ओरडतो त्यालाच पकडणारा नवखा फौजदार आणि मी, यांत फरक काय राहिला? तरी प्रश्न सुटला नव्हता, उलट आणखी वाईट झाला होता. विष नाही, पण पाणी पोटात गेलेलं नाही आणि कुंडीत गेलेलं आहे. म्हणजे बाईने म्हातारीला तहानलेलं ठेवलं? हा तर विषाहून हळू चालणारा गुन्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच महिला शिपायाला घेऊन हॉस्पिटलात गेलो. ताईंनाही तिथेच बोलावलं होतं. म्हातारी शुद्धीवर आली होती. काटकुळी, पण डोळे तल्लख. मुलगा पायथ्याशी उभा होता. ताई दारातच थांबल्या, आत यायला धजेनात.

मी स्टूल ओढून बसलो. "आई, मी पोलीस. एक विचारायचं होतं."

"पोलीस हायस ना तू? मंग लिव," म्हातारी म्हणाली. "मना समदा कलला. तिनं मना काय बी न्हाय घातला. पानी मीच न्हाय पिले."

"का?"

"पानी पिला का उठाला लागतं. उठाला मना येत न्हाय." मग तिने मुलाकडे न बघता हात केला. "ह्यानं ती भोकाची खुर्ची मांडलीय हॉलमदी, पडद्याच्या मागं. पडद्याच्या हिकडं मी आनि तिकडं सोपा. येनारा-जानारा सोप्यावर बसून च्या पितंय, टीवी बघतंय. आवाज जातंय ना बाला. मानसाला लाज हाय का न्हाय?"

मुलगा म्हणाला, "आई, तुझी व्हीलचेअर बाथरूमच्या दारातून जात नाही, म्हणून ही कमोडची खुर्ची..."

"तू नको बोलू. तुजा काय चुकला न्हाय, दार न्हानं हाय." मग ती माझ्याकडे वळली. "मना सवय हाय ह्याची. चालीस वरसा बाजारात बसले. थय बायांनी जायाचं कुठं? सकाली मुर्ध्यावरना निघताना पेज पियाची, मंग घरी गेल्यावरच पानी. समद्या कोलनी-आग्रिनी तशाच. पन तवा अंगात ताकद व्हती."

"आणि वही?"

"ह्यो मोजतंय ना आठ ग्लास! येक कमी झाला का तिला ओरडतंय. म्हनून मीच सांगितला, लिव आठ आनि वत कुंडीत. पोराला सांगशील तर गावदेवीची शपत हाय." तिने दाराकडे पाहिलं. "ये गो आत. तुला भाईर कोनी उभा केला?"

ताई आत आल्या. मी त्यांना विचारलं, "एवढ्या शपथेसाठी काल दिवसभर आरोपी होऊन बसलात?"

"मी काही गावदेवी मानत नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "आमच्यात शपथा-बिपथा नसतात. पण आजी मानतात ना." मग म्हणाल्या, "मी पेज द्यायची, कलिंगड द्यायची, ताक द्यायची. आधी घ्यायच्या. गेल्या आठवड्यापासून तेही सोडलं. मी सांगायला पाहिजे होतं. चुकलं माझं."

चुकलंच होतं, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. शब्द पाळायलाही मर्यादा असते. जीवावर बेततं तिथे शब्द मोडायचा असतो. पण कायद्याच्या पुस्तकात मला या चुकीसाठी कलम सापडलं नाही, आणि शोधायची इच्छाही उरली नव्हती. तो नोंदी ठेवणारा मुलगा आईच्या पायाला धरून हमसून रडत होता. बरोबर आकडे मागितले की बरोबर आकडे मिळतात, एवढंच त्या वहीने सिद्ध केलं होतं. त्याने ताईंची माफी मागितली, ब्यूरोला माझ्यासमोर फोन केला, आणि त्याच संध्याकाळी घरातली मांडणी बदलली. नवरा-बायको हॉलमध्ये झोपू लागले. आईला आतली खोली मिळाली, दाराला कडी असलेली. तिसऱ्या दिवशी बीयूएन बावीसवर आलं. या वेळी दोन्ही रिपोर्टवर एकच माप आहे ना, हे मुलाने आधी तपासलं.

केस इथे संपली असती तर मी ती विसरूनही गेलो असतो.

म्हातारी बोलली त्याच दुपारी शेवटची जबानी आणि सही घ्यायला ताई ठाण्यात आल्या. वातावरण हलकं झालं होतं. मी स्वतः उठून पाणी आणलं आणि समोर ठेवलं. त्या ग्लासाकडे बघून हसल्या आणि पुन्हा शिवल्या नाहीत.

"आता काय झालं? आता तर तुम्ही सुटलात!"

त्यांनी शेजारच्या महिला शिपायाकडे पाहिलं. ती पोरगी तीन वर्षं माझ्या हाताखाली होती. कामाला चोख, बोलायला कमी.

"साहेब, रागावणार नसाल तर बोलू?"

"बोला."

"त्या पाणी नाही घेणार. काल पण म्हणूनच नाही घेतलं. इथे बायकांनी जायचं कुठे?"

"मागे आहे की."

"त्याच्यात मुद्देमाल ठेवलाय, साहेब. दोन वर्षं झाली. जप्तीचे सिलिंडर, स्कूटरचे सुटे भाग, एक कॅरमबोर्ड. दार अर्धंच उघडतं आणि कडी तुटलीय."

"मग तुम्ही बायका काय करता?"

तिने अगदी सहज सांगितलं, हजेरी द्यावी तसं. "सकाळी घरून निघताना चहा घेतो. मग घरी गेल्यावर पाणी."

हीच दोन वाक्यं काही तासांपूर्वी मी एका म्हातारीच्या तोंडून ऐकून, लिहून घेऊन आलो होतो. जबानीखाली माझी सही वाळलीही नव्हती.

ताई गेल्यावर मी रजेच्या अर्जांची फाइल मागवली. का मागवली, सांगता येत नाही; सवयीने हात तिकडे गेला. महिला कर्मचाऱ्यांचे दोन वर्षांतले आजारपणाचे अर्ज बाजूला काढले. लघवीला जळजळ, मूतखडा, ताप, पुन्हा मूतखडा. या सगळ्यांच्या मुळाशी कारण एकच होतं आणि प्रत्येकाखाली शिफारशीची सही माझी होती. एकावर मी माझ्या हाताने शेरा मारला होता, 'वारंवार रजा. समज देण्यात यावी.' तो अर्ज त्याच मुलीचा होता.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात पुरावे शोधले. हा पुरावा माझ्या ठाण्यातल्या फाइलीत, माझ्याच सहीने पडून होता. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

तिला बोलावून मी तो शेरा तिच्यासमोर खोडला आणि म्हणालो, "चुकलं माझं." पोलिसात वरिष्ठाने असं म्हणायची पद्धत नाही, ती गोंधळून सॅल्यूट ठोकून गेली. मग मुद्देमाल हलवायला परवानगी लागते, पंच लागतात, यादी लागते, ते सगळं केलं. चार दिवस लागले. जे काम चार दिवसांचं होतं ते दोन वर्षं पडलं होतं, कारण ज्यांची अडचण होती त्या बोलत नव्हत्या आणि ज्यांना बोलता येत होतं त्यांची अडचण नव्हती. नवी कडी लावली, बल्ब लावला, नळ सुरू केला. कुंडीतल्या मातीचं सील केलेलं पुडकंही तिथेच निघालं. ते मी मागच्या आवारात ओतलं.

बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी करावी, हा नियम कुणी घातला ठाऊक नाही. त्याची जी कारणं मी परीक्षेसाठी पाठ केली होती त्यांत हे कारण नव्हतं. आता मला तेच सगळ्यात आधी सुचतं.

पंधराएक दिवसांनी ताई पुन्हा आल्या, वही परत न्यायला. ती आम्ही ताब्यात घेतली होती. म्हातारीने मागितली होती म्हणे. नातसून येणार होती आणि उरलेल्या पानांवर तिच्यासाठी सुक्या मासळीच्या कालवणाची कृती उतरवून घ्यायची होती. महिला शिपायाने ताईंना आधी मागची खोली दाखवली. त्या जाऊन आल्या, समोर बसल्या, आणि ग्लास उचलून पूर्ण प्यायल्या. मग म्हणाल्या, "अजून एक मिळेल का, साहेब?"

आता मी साठी ओलांडली आहे. वर्षातून दोनदा माझेही रिपोर्ट येतात. ठळक आकडा दिसला तरी मी आधी त्याच्या खालची ओळ वाचतो, मग माप कुठलं ते बघतो, मग डॉक्टरकडे जातो. जुन्या खात्यातली नवी पोरं कधीमधी भेटतात, चौकशीची युक्ती विचारतात. समोर पाण्याचा ग्लास ठेवा, असं मी त्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो होतो. अजूनही सांगतो. फक्त त्याआधी म्हणतो, मागच्या दाराची कडी लागते का, ते बघून या.